शर्यत पाचव्या मुलीची

परदेशात मुले-नातवंडे असलेल्या आपल्याकडच्या आजी-आजोबांना तिथले शाळकरी खेळ म्हटले की बास्केटबॉल, बेसबॉल, पोहणे आणि फार तर टेनिस एवढेच आठवते. या प्रत्येक खेळात बघणाऱ्याच्या डोळ्यांना काहीतरी काम असते. चेंडू असतो, जाळे असते, गुणफलक असतो. अलीकडे मात्र माझ्या वयाचे बरेच लोक भेटतात आणि सांगतात, "आमची नात क्रॉस कंट्रीत आहे." आणि त्याच दमात विचारतात, "म्हणजे नक्की काय हो? नुसतंच पळायचं?"

नुसतेच पळायचे, हे उत्तर बरोबर आहे आणि अपुरेही आहे. माझी लेक आणि जावई २०२२ च्या जूनमध्ये पुण्याहून न्यू जर्सीला गेले. नात तेव्हा चौदा वर्षांची. तेव्हापासून सलग तीन वर्षे मी आणि सौ. ऑगस्ट ते नोव्हेंबर त्यांच्याकडे होतो आणि हे तिन्ही मोसम मी मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची टाकून पाहिले. बँकेत आयुष्य गेल्यामुळे नियम समजल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून कोच, पंच, इतर मुलांचे आईबाप, जो सापडेल त्याला मी प्रश्न विचारत सुटलो. जी घरे आता नव्याने या वाटेवर येत आहेत, त्यांच्यासाठी हा तीन मोसमांचा हिशेब मांडतो आहे.

क्रॉस कंट्री म्हणजे आखीव मैदान आणि डांबरी रस्ता सोडून गवत, माती, झाडी, चढउतार यांतून केलेली धाव. हिचा उगम इंग्लंडमधला. एकोणिसाव्या शतकात रग्बी आणि श्रूजबरी इथल्या शाळांतली मुले 'ससे आणि शिकारी कुत्रे' नावाचा खेळ खेळत. पुढे पळणारे 'ससे' कागदाचे कपटे टाकत जात आणि मागचे त्या खुणेवरून शेतातून, ओढ्यातून त्यांचा माग काढत. टॉमस ह्यूझच्या १८५७ सालच्या 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' या कादंबरीत या खेळाचे वर्णन आहे. १९१२, १९२० आणि १९२४ या तीन ऑलिम्पिकमध्येही क्रॉस कंट्री होती. १९२४ साली पॅरिसमध्ये इतके भयंकर ऊन होते की ३८ जण धावायला निघाले आणि १५ च पोचले. फिनलंडचा पाव्हो नुर्मी जिंकला, पण हा प्रकार ऑलिम्पिकमधून गेला तो गेलाच. अमेरिकेतल्या शाळांनी मात्र तो सोडला नाही. शिक्षणात स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई करणारा 'टायटल नाइन' हा कायदा तिथे १९७२ साली आला, आणि मुलींचे संघ खऱ्या अर्थाने वाढले ते त्यानंतर.

आता व्यवहाराचे बोलू. तिथले हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी अशी चार वर्षे. खेळांचे वर्षात तीन मोसम असतात आणि क्रॉस कंट्रीचा मोसम पहिला, शरद ऋतूतला. शाळा सुरू व्हायच्या आधीच, ऑगस्टमध्ये सराव सुरू होतो आणि नोव्हेंबरमध्ये राज्याच्या स्पर्धांबरोबर मोसम संपतो. पहिल्या दिवसापूर्वी डॉक्टरांनी तपासून सही केलेला अर्ज शाळेत पोचलेला असावा लागतो. तो नसेल तर मूल कितीही चपळ असो, कोच त्याला पळू देत नाही. नव्याने गेलेल्या घरांत विमा, डॉक्टर, पत्ता असे सगळेच अजून जुळायचे असते. म्हणून या कागदाची सोय जुलैतच करावी.

दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. फुटबॉल किंवा बास्केटबॉलच्या संघात निवड चाचणी असते आणि पुष्कळ मुलांना घरी पाठवतात. क्रॉस कंट्रीत बहुतेक शाळा कोणालाच परत पाठवत नाहीत. येईल तो संघात. सगळ्यांत वेगवान सात जण 'व्हार्सिटी', बाकीचे 'ज्युनिअर व्हार्सिटी', आणि काही ठिकाणी नववीच्या मुलांची वेगळी शर्यत. सराव सगळ्यांचा एकत्र, गणवेश एक, बस एक. आमची नात त्या देशात पोचली तेव्हा तिला शेजारच्या दोन घरांपलीकडे कोणी ओळखत नव्हते. शाळेचा पहिला दिवस उजाडला तेव्हा मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसायचे हा प्रश्न तिला पडलाच नाही. ऑगस्टभर ज्यांच्याबरोबर घाम गाळला त्या तीसेक मुली होत्या. नव्या गावात गेलेल्या पोराला यापेक्षा जास्त काय हवे?

शर्यतीचे अंतर बहुतेक राज्यांत पाच किलोमीटर, म्हणजे त्यांच्या भाषेत ३.१ मैल. पण सगळे पाच किलोमीटर सारखे नसतात. न्यू जर्सीत होल्मडेल पार्क नावाचे उद्यान आहे. राज्यातल्या महत्त्वाच्या शर्यती तिथे होतात. त्या मार्गात 'बोल' नावाची एक खोलगट जागा आहे. मुले तीव्र उतारावरून तिच्यात उतरतात आणि तशाच चढाने बाहेर येतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या व्हॅन कोर्टलंड पार्कमध्ये शंभराहून अधिक वर्षे क्रॉस कंट्री चालू आहे, आणि तिथला शाळकरी मार्ग अडीचच मैलांचा आहे. म्हणून "गेल्या शनिवारी सव्वीस मिनिटं होती, आज अठ्ठावीस कशी?" हा प्रश्न विचारू नये. चढ वेगळे, चिखल वेगळा, ऊन वेगळे. तुलना करायचीच तर त्याच मार्गावरच्या तिच्याच गेल्या वर्षीच्या वेळेशी करावी.

आता गुणांची पद्धत. ती समजली नाही तर मैदानावर काय चालले आहे याचा पत्ता लागत नाही. जो जितक्या क्रमांकावर येईल तितके त्याचे गुण. संघातल्या पहिल्या पाच जणांच्या क्रमांकांची बेरीज करतात आणि ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकतो. पहिले पाचही क्रमांक एकाच शाळेने घेतले तर बेरीज १५ होते. त्याहून कमी होऊच शकत नाही.

एक उदाहरण घेऊ. दोन शाळा समोरासमोर आहेत. पहिल्या शाळेच्या मुली १, २, ९, १० आणि १२ या क्रमांकांवर आल्या. बेरीज ३४. दुसरीच्या मुली ३, ४, ५, ६ आणि ७ या क्रमांकांवर आल्या. बेरीज २५. म्हणजे शर्यतीतल्या पहिल्या दोन मुली ज्या शाळेच्या, ती शाळा हरली. गंमत पुढेच आहे. दुसऱ्या शाळेची सहावी मुलगी आठवी आली आणि सातवी मुलगी अकरावी आली. या दोघींचे गुण धरत नाहीत, पण त्यांनी समोरच्या मुलींना एकेक, दोनदोन जागा मागे ढकलले. त्या नसत्या तर पहिल्या शाळेची बेरीज ३० झाली असती. बरोबरी झालीच तर दोन्हीकडच्या सहाव्या मुलीचा क्रमांक पाहतात. आणि पाच मुली शर्यत पुरी करू शकल्या नाहीत तर त्या शाळेला सांघिक गुणच नाहीत.

म्हणून अनुभवी कोच पहिल्या मुलीकडे फार बघत नाही. ती तिचे काम करतेच. त्याचा डोळा असतो चौथी-पाचवीवर. कारण मोठ्या स्पर्धेत पुढच्या मुली विरळ पळत असतात, पण मधल्या घोळक्यात दहा सेकंदांत पंधरा-वीस जणी आत येतात. पाचवीने शेवटच्या चढावर दम धरला तर संघाच्या खात्यात वीस गुणांचा फरक पडतो. एखाद्या हुशार मुलाच्या जिवावर शाळा मिरवते, हे आपण आयुष्यभर पाहत आलो. मधल्या मुलावर सगळ्या संघाची भिस्त असलेला खेळ मी तरी इथे पहिल्यांदा पाहिला.

साहित्य फारसे लागत नाही. सरावाचे चांगले बूट मात्र हवेत आणि ते पायाला बसणारे हवेत. तीनशे ते पाचशे मैल झाले की बुटांचा तळ दमतो, मग ते वरून कितीही नवे दिसोत. खिळ्यांचे बूट, म्हणजे स्पाइक्स, शर्यतीपुरते. पहिल्या वर्षी ते नसले तरी बिघडत नाही. सरावात रोज जोरात पळायचे नसते. आठवड्यातले बरेचसे पळणे शेजारणीशी गप्पा मारता येतील इतक्या सावकाश गतीचे असते. जावई पहिल्या वर्षी म्हणाले, "या तर हसत-खिदळत पळतात, याला काय सराव म्हणायचं?" कोचने त्यांना शांतपणे सांगितले, की बोलता येत नसेल तर ती आज चुकीच्या वेगाने पळते आहे.

आता जरा जपून सांगायची गोष्ट सांगतो. नव्या घरांनी इतर काही वाचले नाही तरी चालेल, एवढे मात्र वाचावे.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, दुसऱ्या मोसमात, नातीची वेळ आधी भराभर सुधारली आणि मग अडली. रात्री ती पोळी अर्धी टाकायची, भाताला हात लावायची नाही. 'हलकं असलं की जोरात पळता येतं' हे वाक्य तिने कुठल्याशा मोठ्या मुलीकडून ऐकले होते. मग नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागले. सगळ्या मुलींना थोडेफार दुखतेच, म्हणून ती ते लपवून पळत राहिली. एका रात्री तिने आजीकडून पाय चेपून घेताना हळूच सांगितले, की चार महिने पाळी आलेली नाही. "पण आजी, टीममधल्या मुली म्हणतात जास्त ट्रेनिंग केलं की असं होतं. चांगलं असतं ते." सौ. ने तिला काही म्हटले नाही. सकाळी लेकीला उठवून म्हणाली, "आज तू ऑफिसला जाऊ नकोस."

डॉक्टरीणबाईंनी नडगीवर एका ठिकाणी बोट ठेवताच मुलगी कळवळली. साध्या एक्स-रेत काही दिसले नाही. असा बारीक तडा सुरुवातीला एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसला. सगळ्या नडगीभर ठणकत असेल तर बहुधा स्नायूंचे दुखणे असते. एकाच बिंदूवर, बोट ठेवून दाखवता येईल असे दुखत असेल आणि पळताना वाढत असेल, तर थांबायचे आणि डॉक्टर गाठायचा, हा धडा त्या दिवशी आम्हा सगळ्यांना मिळाला.

त्यांनी पुढे जे समजावले ते असे. शरीर जेवढी शक्ती खर्च करते तेवढी अन्नातून मिळाली नाही, तर ते एकेक काम बंद करू लागते. मुलींची पाळी थांबते, हाडांची झीज भरून निघत नाही आणि मन चिडचिडे होते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या स्थितीला स्वतंत्र नाव दिले आणि ती मुलग्यांतही आढळते हेही सांगितले. पाळी थांबणे ही तयारीची खूण नाही, धोक्याची घंटा आहे. आयुष्यभर पुरायची हाडांची पुंजी मुख्यतः याच वयात जमा होते. त्या वयात ठेव मोडली तर पुढे ती भरून काढणे अवघड.

रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ठीक होते, पण फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेला होता. माझ्यासारख्याला हे लगेच समजले. चालू खात्यावर रोजच्या व्यवहारापुरती शिल्लक आहे म्हणून मुदत ठेव शाबूत आहे असे नसते. पळणाऱ्या मुलींत, त्यातही आपल्यासारख्या शाकाहारी घरांत, हा साठा कमी पडणे सहज घडते. म्हणून फेरिटिन तपासायला डॉक्टरांना मुद्दाम सांगावे. गोळ्या मात्र आपल्या मनाने देऊ नयेत, जास्तीचे लोहही बाधते. डाळी, उसळी, अळीव, हिरव्या भाज्या आणि त्यावर लिंबू, हे आपल्या आज्या करत आल्या त्यात शहाणपण आहे. 'क' जीवनसत्त्वाने लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेतला तर ते कमी लागते.

तो मोसम गेला. ऑक्टोबर-नोव्हेंबरभर तिच्या पायात जाडजूड बूट होता आणि पळायची बंदी होती. पहिले चार दिवस ती खोलीबाहेर आली नाही. पाचव्या दिवशी कोचने निरोप पाठवला, की शनिवारी वेळा टिपायला माणूस कमी आहे. ती गेली. त्यानंतर प्रत्येक शनिवारी ती हातात घड्याळ आणि वही घेऊन एक मैलाच्या खुणेजवळ उभी असायची आणि जाणाऱ्या प्रत्येक मुलीला ओरडून वेळ सांगायची. घरी आल्यावर जेवायची, आणि पोटभर जेवायची, कारण तिच्या जेवणाचा तक्ता आता आहारतज्ज्ञ बाई बघत होत्या.

आणखी एक गोष्ट आईवडिलांना आधीच माहीत असलेली बरी. नववीत भराभर पळणाऱ्या पुष्कळ मुली दहावी-अकरावीत मंदावतात. शरीर मुलीचे बाईचे होत असते, बांधा बदलतो, वजन वाढते. हे आजारपण नाही आणि आळसही नाही. एक-दोन वर्षांत शरीर स्थिरावते आणि वेग परत येतो, कित्येकींचा आधीपेक्षा वाढतो. त्या मधल्या काळात घरातून "काय झालं तुला?" असे विचारणे आणि वजनकाट्याकडे बोट दाखवणे, या दोन गोष्टी टाळल्या तर मूल खेळात टिकते.

झोपेचेही तसेच. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रात्री आठ ते दहा तास झोप हवी, असे अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली सांगितले. आपल्या घरांत अभ्यासासाठी जागण्याचे कौतुक असते. रोज पळणाऱ्या मुलाला ते परवडत नाही.

शर्यतीच्या दिवशी आईबापांचे काम काय? शनिवारी पहाटे निघायचे. मैदानावर शाळाशाळांचे तंबू पडलेले असतात, सतरंज्या, डबे, संत्र्याच्या फोडी, एकमेकांचे स्वेटर सांभाळणारी माणसे. पाहणाऱ्याला आपल्याकडची जत्रा आठवावी. सुरुवात पाहायची, मग आडवाटेने चालत जाऊन मधला एखादा चढ गाठायचा आणि शेवटी अंतिम रेषेकडे यायचे. म्हणजे पालकांचेही दोन-अडीच किलोमीटर होतात. मुलाच्या बाजूने पळत जाऊन त्याला वेग देऊ नये. नियमाने ती बाहेरची मदत ठरते आणि मूल बाद होऊ शकते. अंतिम रेषेपाशी लगेच बोलू नये. दोन मिनिटे श्वास घेऊ द्यावा, पाणी द्यावे.

कॉलेजच्या शिष्यवृत्तीची गणिते नववीतच मांडणारे आईबाप तिथेही भेटतात, आणि त्यांत आपले लोक मागे नाहीत. पळण्यावर पूर्ण शिष्यवृत्ती फार थोड्यांना मिळते. तिसऱ्या श्रेणीची कॉलेजे आणि आयव्ही लीगमधली विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. तेव्हा मुलाला पळायला आवडते, हे एवढे कारण पुरेसे मानावे.

आपल्याकडे या वाटेचे मोल नाही असे नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लष्करात गेला. तिथे क्रॉस कंट्री पळता पळता त्याची गुणवत्ता कळली, आणि पुढे २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने स्टीपलचेसचे रौप्यपदक घेतले. नातीला मी या दोघांची नावे सांगितली. तिने त्या शर्यतींच्या चित्रफिती शोधून आपल्या मैत्रिणींना दाखवल्या. माण आणि मांडवा ही नावे न्यू जर्सीतल्या पोरी अडखळत का होईना, उच्चारायला शिकल्या.

तिसऱ्या मोसमात ती पुन्हा पळाली. सप्टेंबरमध्ये तिची वेळ नववीतल्यापेक्षाही जास्त होती. ती गप्प होती, आम्हीही काही विचारले नाही. ऑक्टोबरअखेर होल्मडेलला ज्युनिअर व्हार्सिटीच्या शर्यतीत ती आपल्या संघाची पाचवी आली. पदक नाही, वर्तमानपत्रात नाव नाही. आधी पाणी प्यायली आणि मग म्हणाली, "आबा, मी मोजली गेले!"

नव्या घरांना माझे सांगणे एवढेच. मूल घरी आल्यावर 'कितवी आलीस' हे विचारायची घाई करू नका, ते तीच सांगेल. तुम्ही तीन गोष्टी विचारा: जेवलीस का, झोप झाली का आणि कुठे दुखतंय का. आणि शर्यत संपली असे समजून गाडीकडे निघू नका. बऱ्याच शाळांत एक रीत आहे. व्हार्सिटीच्या मुली आपली शर्यत झाली की अंतिम रेषेशी येऊन थांबतात आणि शेवटची मुलगी आत येईपर्यंत नाव घेऊन ओरडत राहतात. कधी त्यासाठी पंधरा मिनिटे थांबावे लागते. तेवढी थांबा.